तीन रंगांचं सोवळं

‘तीन रंग पुरेत. चौथ्याला हात लावतो तो आळशी.’ जलरंगाच्या प्रात्यक्षिकाला गेलं की हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात कानावर पडतंच. परवा पुन्हा पडलं. समोर चाळीसेक माणसं, त्यांतली निम्मी निवृत्तीनंतर ब्रश हातात घेतलेली, आणि मंचावर एक ज्येष्ठ चित्रकार. त्यांचं नाव घेत नाही, कारण भांडण त्यांच्याशी नाही. त्यांचं काम मी लांबून ओळखीन आणि त्या कामाला माझा नमस्कारच आहे. भांडण त्या वाक्याशी आहे. ते ऐकून घरी गेलेल्या एका बाईंनी आपली बारा रंगांची पेटी नातवाला देऊन टाकली आणि आठवड्यानं मला फोन केला. ‘ताई, हिरवा नुसता घाण होतोय हो. माझ्या हातातच काही नाही का?’ बाई बँकेत होत्या. हिशेब जुळला नाही की चूक आपलीच, ही त्यांची जन्माची सवय. इथं चूक त्यांची नव्हती, म्हणून हा लेख.

सरांचं म्हणणं आधी नीट मांडते, नाहीतर लुटुपुटीची लढाई व्हायची. मूळ रंग तीनच, बाकीचे सगळे त्यांतून निघतात. तीनच वापरले की चित्रात आपोआप सुसंवाद येतो. मिश्रण करायला शिकता येतं. खिशाला परवडतं, खांद्यावरची पिशवी हलकी राहते. आणि मोठमोठ्यांनी मोजक्याच रंगांत काम केलेलं आहे. यातलं खिशाचं आणि पिशवीचं मी विनातक्रार मान्य करते. शिकण्याचंही. नवख्यानं दोन महिने तीन रंगांत काढावेत, माझ्याकडे येणाऱ्यांना मीही तेच करायला लावते. पण दोन महिन्यांची तालीम वेगळी आणि जन्मभराचं व्रत वेगळं. बाराखडी गिरवून घेणाऱ्या कुठल्या मास्तरांनी ‘आता जोडाक्षरांना हात लावू नकोस’ असं सांगितल्याचं ऐकिवात नाही.

‘सगळे रंग तीनांतून निघतात’ हे मात्र सपशेल खोटं आहे. तीन रंगांची कल्पना जुनी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जेकब ख्रिस्तोफ ल ब्लाँ यानं निळ्या, पिवळ्या आणि तांबड्या अशा तीन पाट्यांवरून रंगीत चित्रं छापून दाखवली. त्यालाही कधी कधी चौथी, काळी पाटी घ्यावी लागली. आजचा छापखाना तेच करतो. तीन शायांवर भागत नाही म्हणून चौथी काळी घेतो, आणि एवढं करूनही मुखपृष्ठावर खणखणीत भगवा हवा असेल तर छापणारा म्हणतो, वेगळी शाई मागवावी लागेल. कोट्यवधी रुपयांच्या यंत्राला जे तीनांत जमत नाही, ते आपल्या बाईंना बशीत जमावं अशी आपली अपेक्षा.

‘मूळ रंग’ ही डोक्यातली गोष्ट आहे. ट्यूबमध्ये असते ती पूड, डिंकात घोटलेली, आणि पूड कधी निखळ निळी किंवा निखळ पिवळी नसते. ती कुठे ना कुठे झुकलेली असते. सरांच्या तीनांत अल्ट्रामरिन, क्रिमझन आणि गॅम्बोज होते. अल्ट्रामरिन जांभळ्याकडे झुकतो, म्हणजे त्याच्या पोटात थोडा तांबडा आहे. गॅम्बोज नारिंगीकडे झुकतो, म्हणजे तांबडा त्याच्याही पोटात आहे. दोघांना एकत्र करा, हिरवा होतो, पण हा दोन्हीकडून आलेला तांबडा त्या हिरव्याला आतून मारतो. हाती येतो जून झालेल्या आंब्याच्या पानाचा शेवाळी हिरवा. आंब्याची बाग रंगवायची असेल तर त्याच्यासारखा रंग नाही. पण जुलैत लावणीआधी वाफ्यात उभं असलेलं भाताचं रोप ज्यानं पाहिलंय, त्याला ठाऊक आहे की तो हिरवा पोपटालाही लाजवतो. तो अल्ट्रामरिन आणि गॅम्बोजमधून सात जन्मांत निघणार नाही. त्याला हिरव्याकडे झुकलेला निळा लागतो, थॅलोसारखा, आणि लिंबासारखा थंड पिवळा. बाईंच्या ‘घाण’ हिरव्याचं कारण एवढंच. त्या भाताचं खाचर रंगवायला बसल्या होत्या. पळसाच्या फुलाचं तेच, बोगनवेलीचं तेच. क्रिमझन आणि गॅम्बोज मिसळून पळस करायला गेलात तर विटकरीचा चुलतभाऊ तयार होतो.

(गॅम्बोजवरून आठवलं. हे नाव कंबोडियावरून आलेलं. खरा गॅम्बोज म्हणजे तिकडच्या एका झाडाचा पिवळा चीक, आणि ते झाड आपल्या रातांब्याच्या गोतातलं, दोघंही गार्सिनिया. कोकमाचं आगळ करणाऱ्यांच्या मुलुखात ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. आज त्या नावाच्या बहुतेक ट्यूबमध्ये तो चीक नसतो, नुसतं नाव उरलंय.)

प्रात्यक्षिक संपल्यावर लोक सह्या घेत होते, तेव्हा मी सरांच्या पॅलेटपाशी जाऊन उभी राहिले. तीन खणांत तीन रंग होते, आणि कोपऱ्यात चौथा, चांगला अर्धी वाटीभर, बर्न्ट सिएना. विचारलं. सर मनापासून हसले. म्हणाले, ‘ती रंगात धरत नाहीत हो. ती माती.’ उपासाला साबुदाणा चालतो, तसं. मला गंमत वाटली आणि बरंही वाटलं, कारण हात तोंडापेक्षा शहाणा असतो. सरांच्या हातानं ती माती का ठेवली, ते त्यांच्या सिद्धान्तात बसत नाही. पण त्यातच सगळं आहे.

एप्रिलमधली सकाळ, वाई, कृष्णेचा घाट, नऊ वाजलेत. समोर काळ्या दगडाच्या पायऱ्या. कागदावर पाणी फिरवून त्यावर अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना एकदमच सोडले, जरासे मिसळू दिले, जरासे नाही. आता डोळा कागदाजवळ न्या. अल्ट्रामरिनचे कण जड, ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. सिएना त्यांच्या मधून वाट काढते. सुकेपर्यंत तिथं एक राखाडी नसतो. कुठं निळसर रवा दिसतो, कुठं तांबूस झाक, आणि दगडाचा खरखरीतपणा तुम्ही न काढता उमटलेला असतो. रवाळ हा शिऱ्याला वापरायचा शब्द मी या रंगांना वापरते, त्याहून चांगला मला सापडलेला नाही. आता तोच राखाडी थॅलो निळा आणि एखादा नारिंगी मिसळून करा. शेजारी शेजारी ठेवले तर रंग हुबेहूब जुळेल. पण हा राखाडी गुळगुळीत, पत्र्याला ऑइलपेंट मारल्यासारखा. दगड गेला. रंग तोच, वागणूक वेगळी.

आणि सरांच्या नियमानं, सिएनाशिवाय, तोच दगड करायचा तर आधी क्रिमझन आणि गॅम्बोज मिसळून त्यात चिमूटभर निळा घालून तपकिरी करायचा, मग त्यात आणखी निळा ओतायचा. एवढं होईतो नऊच्या उन्हात पहिल्या वॉशची कड वाळून बसलेली असते आणि पायरीच्या मधोमध एक रेघ उमटते, जी नंतर कशानंच जात नाही. शिवाय असा तिघांचा तपकिरी ओल्या कागदावर फार वेळ एकत्र राहत नाही. जड निळा खाली बसतो, क्रिमझन कडेला पळतो, संयुक्त सरकार पडावं तसं मिश्रण फुटतं. एका पुडीची सिएना शेवटपर्यंत सिएनाच राहते. उन्हात बसून काम करणाऱ्यानं तयार तपकिरी घेतला तर तो आळशी नाही, त्याला वाळत्या कागदाचं घड्याळ कळतं.

म्हणून ‘किती रंग?’ हा प्रश्नच मला मुळात चुकलेला वाटतो. विचारायचं ते हे की, बाबा रे, तुझा हात पाण्याशी काय करतो?

मी एका बैठकीत, शक्यतो एका वॉशमध्ये काम करते आणि नदीवरचा उजेड मागाहून ओल्या ब्रशनं आणि फडक्यानं पुसून काढते. माझ्या कामात रंग उठला पाहिजे. कोबाल्ट उठतो, अल्ट्रामरिन बऱ्यापैकी उठतो. थॅलो उठत नाही. पांढऱ्या शर्टावरच्या हळदीसारखा तो कागदाला कायमचा धरतो, आणि तिथं पुन्हा पांढरं दिसणार नाही. एकेकाळी मी थॅलोला शिव्या घातल्यात. पण माझ्या ओळखीत एक जण आहे, जो एकेका चेहऱ्यावर आठ-आठ पातळ थर चढवतो, प्रत्येक थर वाळवून. त्याला नेमकी ती हळदच हवी. माझे उठणारे रंग त्याच्या हातात दिले तर दुसऱ्या थराच्या ओल्या ब्रशबरोबर पहिला थर जागा होईल आणि गालावर चिखल. त्याचं पॅलेट मला विष आणि माझं त्याला. दोघांच्याही रंगांची संख्या जवळजवळ सारखी आहे, गंमत म्हणजे.

हे काही आजचं नाही. १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्याला आले, त्यांच्या सहवासातून अवनीन्द्रनाथ टागोरांची वॉशची पद्धत घडली. रंगवलेला कागद पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, पुन्हा रंग, पुन्हा पाणी. त्या बुडवण्यातून जे टिकतं तेच चित्र. माझं वाईचं चित्र असं पाण्यात घातलं तर घाट कृष्णेला मिळेल. म्हणजे तिथं कुठला रंग घ्यायचा हे पाणी ठरवतं, रंगचक्र नाही. आणि न्यायाचं बोलायचं तर असाही एक हात आहे, ज्याला सरांचं वाक्य तंतोतंत लागू पडतं. जो मंडईत उभ्या उभ्या पेनानं रेघ काढतो आणि तिच्यावर पातळ रंगाचे दोन-चार शिडकावे देतो, त्याचं काम रेघ करते, रंग नुसती साथ देतो. त्यानं खुशाल तीन वड्या घ्याव्यात. त्याला बारा दिले तर तो रेघ विसरून बसेल.

आता सुसंवाद. तीन रंगांत चित्र आपोआप जुळून येतं, हे खरं आहे. पण आपोआप आलेल्या गोष्टीचं एवढं कौतुक कशाला? कुठल्याही कलादालनात तीन रंगांच्या व्रतस्थांचं सामुदायिक प्रदर्शन बघा. पहिलं चित्र सुंदर. पाचव्यापाशी आपण कुठे बघितलंय आठवू लागतो. दहाव्यापाशी वाई, बनारस आणि व्हेनिस या तिन्ही गावांत एकाच दिवशी एकच ढग आल्यासारखं वाटतं. तोच निळसर राखाडी, तीच जांभळी सावली. सुसंवाद आहे, पण तो एकाच माणसानं स्वतःशी बोलल्यासारखा. बारा रंगांतही सुसंवाद येतो, त्याला कष्ट पडतात एवढंच: एक रंग चित्रभर फिरवावा लागतो, आकाशातला थोडा जमिनीत, सावलीतला थोडा झाडात, आणि बारांतले सात त्या दिवशी बंद ठेवावे लागतात. पेटीत असणं आणि चित्रात घालणं यांत गल्लत करून हा सगळा वाद उभा राहिलाय. फोडणीच्या डब्यात सात वाट्या असतात म्हणून कोणी प्रत्येक भाजीत सातही टाकत नाही.

मग मोठ्या माणसांची साक्ष काढतात. झॉर्नचं नाव हटकून येतं. अँडर्स झॉर्न, स्वीडनचा, ज्याच्या नावावर पिवळी माती, हिंगुळ, काळा आणि पांढरा असं चार रंगांचं पॅलेट चालतं. ते पॅलेट तैलरंगाचं आहे, हे सांगायला लोक विसरतात. त्यात पांढरा आहे, आणि काळाच निळ्याचं काम करतो. चेहरा, चूल, हिवाळ्यातली खोली यांना ते शोभतं. हाच झॉर्न आधी नावाला आला तो जलरंगांमुळे. १८८६ चं त्याचं धक्क्यावर उभ्या बाईचं ‘सोमरनॉये’ हे जलरंगचित्र म्हणजे पाण्याचा, ढगाळ उजेडाचा उत्सव आहे. ते समोर ठेवून कोणी ‘निळा कशाला हवा’ म्हणून दाखवावं.

दुसरं नाव आपल्या घरचं, हळदणकरांचं. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडीचे. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली त्यांची दिवा घेतलेली बाई, ‘ग्लो ऑफ होप’, कॅलेंडरांवरून घराघरांत पोचलेली. पुष्कळांना ती रविवर्म्याची वाटते, आणि ते जलरंग आहेत हे सांगितलं तर पटत नाही. सर म्हणाले, बघा, किती थोड्या रंगांत! बरोबर. एका ज्योतीचा उजेड, तळहाताच्या आडून आलेला, बोटांच्या कडांना तांबूस, चेहऱ्यावर पिवळसर, आणि भोवती अंधार. त्या खोलीत तेवढेच रंग होते. दिव्यानं बाकीचे विझवले होते. हळदणकरांनी ते ओळखलं, ही त्यांची थोरवी. आता हीच बाई भर दुपारी अंगणात उभी करा आणि त्याच रंगांत रंगवा बघू.

हे वाचून कोणी अठ्ठेचाळीस रंगांची पेटी आणायला निघाला असेल तर त्यानं जरा थांबावं. त्या पेट्यांत निम्मे रंग दोन-तीन पुड्यांची तयार मिश्रणं असतात, आणि अशी दोन मिश्रणं एकमेकांत घातली की खरोखरच गाळ होतो. नाव बघू नये. ट्यूबच्या पाठीवरचा बारीक अक्षरातला संकेत बघावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरिन, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा, मग वर काहीही काव्यमय नाव असो. आणि कार्यशाळेत वाटतात ती ‘माझे चौदा रंग’ची यादीही आंधळेपणानं उतरवू नये. ती त्या हाताची यादी आहे. काळ्यावरची बंदी आणि पांढऱ्याचा विटाळ, ही त्याच सोवळ्याची दुसरी दोन रूपं. टर्नर आणि सार्जंट दोघांनीही कागदावर पांढरा अपारदर्शक रंग वापरला. त्यांना कोणी पंगतीतून उठवलं नाही.

तिनांच्या यादीबद्दल माझी खरी तक्रार मात्र क्रिमझनपाशी येऊन थांबते. पाठीवर पीआर ८३ असेल तर तो अलिझरिन क्रिमझन, १८६८ साली प्रयोगशाळेत जमलेला, दिसायला देखणा आणि उजेडात न टिकणारा. पातळ वॉशमध्ये तर फारच लवकर विरतो. शिस्त म्हणून जो रंग सगळ्यांच्या हातात द्यायचा तोच पळपुटा असेल, तर ती कसली शिस्त? मला हे फुकट कळलेलं नाही. बोगनवेलीचं एक चित्र मी एका भाचीला लग्नात दिलं होतं, झगझगीत गुलाबीत. त्या गुलाबीत चमकणारा एक कच्चा रंग मिसळलेला असतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. पश्चिमेच्या खिडकीसमोर चित्र लागलं. तिसऱ्या दिवाळीला गेले तर भिंतीवर करड्या काटक्यांचं एक जाळं होतं. भाची काही बोलली नाही, चहा दिला.

विन्स्लो होमरचंही असंच झालंय, एवढ्यानं माझं दुःख कमी होत नाही. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्याचं १८८७ चं ‘फॉर टु बी अ फार्मर्स बॉय’ आहे. त्यातलं आकाश आज जवळजवळ कोरं दिसतं. तपासणीत कागदावर तांबड्या-नारिंगीचे अवशेष सापडले. तो सूर्यास्त होता. इतकी वर्षं लोक ते चित्र सूर्यास्ताशिवायच बघत होते. रंगानं चित्राची वेळ बदलली. तेव्हा कुठलाही लाल पेटीत घ्यायच्या आधी त्याचा एक पट्टा कागदावर ओढावा, अर्धा काळ्या कागदानं झाकावा आणि मार्च ते मे खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवावा. आपलं ऊन फुकट आहे आणि ते पाहुण्यांसारखं खोटं बोलत नाही. माझ्या खिडकीत क्विनाक्रिडोन गुलाबी, पीव्ही १९, तसाच्या तसा राहिला. त्यानं क्रिमझनची जागा घेतली.

पॅलेट म्हणजे डबा, त्याबद्दल एकच. मोठे वॉश घालणाऱ्यानं खोल खणांचा घ्यावा, नाहीतर आकाश अर्ध्यावर संपतं. आणि पावसाळ्यात तो ओला मिटून ठेवू नये. मी एकदा ठेवला आणि श्रावणात उघडला, तर पिवळ्या मातीवर कापसासारखी बुरशी उगवली होती.

बाईंकडे मागच्या आठवड्यात जाऊन आले. नातवानं पेटी परत दिली नाही, आणि ते योग्यच झालं. त्यांचं काम तासभर बघत बसले. सावकाश हात, थरावर थर, मधे उठून कुकर लावून येतात तोवर कागद वाळलेला. आम्ही मिळून सात ट्यूब ठरवल्या, त्यांत लिंबू पिवळा आणि तो हळदीसारखा थॅलो. खाचर जमलं. जरा जास्तच पोपटी झालं, मग त्यांनीच त्यात टोकभर सिएना घातली, मला न विचारता. पॅलेटला नऊ खण आहेत. दोन रिकामे का ठेवलेत म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ‘राहू देत. पळस फुलला की बघू.’